मूठ उघडी ठेवणारी माणसे

आमच्या घरात सध्या एक टेबल आहे. लांबी चार फूट, रुंदी दोन फुटांना थोडी कमी, उंची तीस इंच. ते जरासे डुलते. डुलू नये म्हणून एका पायाखाली जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची घडी ठेवली आहे. पाहुणे आले की मी त्यांना आधी पाणी विचारत नाही, टेबल दाखवतो. कारण ते मी स्वतः केले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, बी.कॉम. होऊन वीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाचे हात कसे असतात हे मी सांगायला नको. बोटाला शाई आणि स्टॅम्पपॅडचा रंग लागलेला, बाकी तळवा मऊ. भिंतीत खिळा ठोकायचा तरी शेजाऱ्याला हाक मारायची. अशा माणसाने टेबल केले ही माझ्या घरापुरती मोठीच बातमी आहे. परंतु आजचे हे सदर टेबलासाठी नाही. ज्याच्यामुळे ते झाले त्याचे मी वर्षभर आभार मानले नाहीत, त्याबद्दल आहे.

झाले ते असे. मुलगी दहावीला गेली. खाटेवर बसून, मांडीवर उशी घेऊन ती अभ्यास करायची. दुकानातले टेबल पाहिले तर भुशाच्या पाट्याचे, पाणी सांडले की फुगणारे. मिस्त्रीला विचारले तर लग्नसराईची कामे हातात, दोन महिने सवड नाही. तेव्हा मुलीनेच मोबाईलवर एक गृहस्थ शोधून दिले. दुसऱ्या राज्यातले, नोकरीतून निवृत्त झालेले, व्यवसायाने सुतार नव्हेत. घराच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली हौसेने लाकूडकाम करतात आणि साध्या हिंदीत बोलत, करत करत दाखवतात. त्यांची परवानगी घेतलेली नाही, म्हणून नाव देत नाही.

या माणसाने मला करवत कशी धरावी इथपासून शिकवले. करवतीला जोर द्यायचा नसतो, तिला चालू द्यायचे असते. रंधा लाकडाच्या रेषांच्या दिशेने मारायचा, उलटा मारला की लाकूड उखडते. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहायला गुण्या नसेल तर एका बाजूवर तीन फुटांची खूण करा, दुसरीवर चारची, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरते का पाहा. हे मी शाळेत पायथागोरसचा सिद्धांत म्हणून पाठ केले होते आणि मार्कही मिळवले होते. ते कशासाठी असते हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

पायाला आडवी पट्टी जोडायची तर खिळ्याने नव्हे, सांध्याने. पट्टीच्या टोकाला जीभ ठेवायची, पायात पटाशीने तिच्या मापाचे भोक पाडायचे आणि एकात एक बसवायचे. जीभ जाड झाली तर भोक फाटते, बारीक झाली तर टेबल डुलते. त्या गृहस्थांचीही एक जीभ दोन मिलिमीटर बारीक झाली होती. त्यांनी ते झाकले नाही. चूक दाखवली, हसले, आणि लाकडाची पातळ ढलपी सरसाने चिकटवून ती कशी सुधारायची तेही दाखवले. माझ्या चारपैकी तीन पट्ट्यांना ढलपी लावावी लागली. त्यांनी आपली चूक कापून टाकली असती तर मी तिथेच करवत खाली ठेवली असती.

पहिले टेबल मात्र फुटले. आंब्याच्या फळ्या पावसाळ्यात आणल्या, वरची फळी चारी बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळली. आपल्या चांदवडचा एप्रिल आपल्याला माहीत आहे. एका रात्री काडकन आवाज झाला आणि सकाळी पाहतो तो फळीला मधोमध चीर. मी मनातल्या मनात त्या गृहस्थांना दोष दिला. मुलीने पुन्हा लावून दाखवले तर त्यांनी ते स्पष्ट सांगितले होते, मीच घाईत पुढे गेलो होतो. लाकूड तोडल्यावरही हलत असते. हवेतला ओलावा घेऊन ते रुंदीत फुगते, कोरड्या हवेत आकसते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सगळी हालचाल आडवी. म्हणून वरच्या फळीच्या स्क्रूला गोल भोक न ठेवता लांबट ठेवायचे, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. दुसरे टेबल जुन्या दाराच्या सागवानी फळ्यांचे केले आणि लांबट भोके ठेवली. या एप्रिलमध्ये ते टिकले.

आबांचा प्रश्न

माझे वडील, आबा, आता पंचाहत्तरीत आहेत. तालुक्यातल्या एका लाकडाच्या वखारीत त्यांनी उभे आयुष्य हमाली केली. ट्रकमधून ओंडके उतरवायचे, कापलेल्या फळ्या रचायच्या, गिऱ्हाइकाच्या गाडीत चढवायच्या. त्यांच्या उजव्या खांद्यावर अजून घट्टा आहे. चाळीस वर्षे लाकूड खांद्यावर, पण हातात रंधा कधी आला नाही.

टेबल झाले त्या संध्याकाळी ते ओट्यावरून उठून आले. वरच्या फळीवरून तळहात फिरवला. खाली पडलेली एक ढलपी उचलून नाकाला लावली आणि म्हणाले, "सागवान हाय." मग विचारले, "कोनी दावलं रे तुला हे?"

मी सांगितले, ओळखीचे नाहीत, मोबाईलवर पाहून केले.

"पैकं किती घेतलं त्यांनी?"

"काही नाही."

"मंग त्यांना जयभीम तरी कळिवला का?"

मी गप्प बसलो. वर्षभरात त्या माणसाकडून मी दोन टेबलांचे ज्ञान घेतले होते. त्यांच्या घरी जाऊन घेतले असते तर चहाचा कप खाली ठेवताना तरी धन्यवाद म्हटले असते. इथे मात्र दुकानातून वस्तू उचलून पैसे न देता बाहेर पडावे तसा मी बाहेर पडलो होतो.

मग आबांनी एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती मी ऐकली नव्हती. वखारीला लागून एक मिस्त्री काम करायचा. हात चांगला होता. आबा तेव्हा विशीतले, जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसायचे. मिस्त्री करवत चालवताना पाहू द्यायचा, पण सांध्याची आखणी करायची वेळ आली की पाठ करून बसायचा. एकदा तो बाहेर गेला असताना आबांनी रंधा उचलून एका तुकड्यावर चालवून पाहिला. मिस्त्री परत आला, त्याने रंधा हातातून काढून घेतला. बोलला काही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून अवजारांच्या पेटीला कुलूप लागले.

"त्याचं बी काय चुकलं," आबा म्हणाले, "त्याचं पोट त्याच्यावर व्हतं."

आबा क्षमाशील आहेत. पण कुलूप एका मिस्त्रीच्या पेटीचे नव्हते हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचे. त्यात बारा बलुतेदारांची व्यवस्था सविस्तर दिली आहे. सुताराने औत, वखर, पाभर करायची आणि सुगीला धान्य घ्यायचे. महारानेही बलुतेदारच असायचे, पण त्याच्या वाट्याला राबणूक, हातात कसब नाही. कसब जातीत जन्मायचे आणि जातीतच राहायचे. ज्याच्याकडे ते होते तोही मोकळा नव्हता. सुताराच्या पोराने सुतारच व्हायचे, त्याला दुसरी वाट नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात हेच दाखवून दिले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे.

आणि हे खेड्यापुरते नव्हते. इथून पंचवीसेक किलोमीटरवर मनमाड आहे. तिथे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी जे मुद्दे मांडले त्यातला एक नेमका हाच होता. रेल्वेतला आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. कारखान्यात त्याला मेकॅनिकचे काम मिळत नाही, हमालाचे मिळते. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. जास्त पगार त्याच खात्यात होता. म्हणजे यंत्रे विलायतेची आली, पण अवजारांच्या पेटीचे कुलूप गावातलेच राहिले.

उघडी मूठ

या पार्श्वभूमीवर गच्चीवर बसून, कोण पाहतो आहे, कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा हे न विचारता, चुकीसकट सगळे दाखवणारा माणूस मला साधा वाटत नाही. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांचा आनंदाशी झालेला संवाद आहे. भगवंत म्हणतात की मी आत-बाहेर असा भेद न ठेवता धम्म सांगितला, तथागताजवळ आचार्याची मिटलेली मूठ नाही. पालीत त्या शब्दाला 'आचरियमुट्ठि' म्हणतात. शिष्याला सगळे सांगायचे, पण शेवटची किल्ली मुठीत ठेवायची, ती ही मूठ. वखारीतल्या मिस्त्रीची पाठ म्हणजे हीच मूठ.

मूठ उघडी ठेवणारे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. अरविंद गुप्ता यांचे नाव अनेकांना माहीत असेल. आय.आय.टी. कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी होती. पुढे त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे जोडून भूमितीचे आकार करायला मुलांना शिकवले. तेही एक लाकूडकामच म्हणायचे, सर्वात स्वस्त! पुण्यातील आयुका संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात ते २०१४ पर्यंत होते. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची याची शेकडो प्रात्यक्षिके आणि हजारो पुस्तके त्यांनी कोणालाही फुकट घेता येतील अशी ठेवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली खेड्यातली मुले तिथे हाताने काम करत शिकतात, लाकूड, लोखंड, वीज, शेती सगळे. तिथेही प्रवेशाला जातीचे कसब विचारत नाहीत.

बाहेरच्या जगात तर अशी पुष्कळ माणसे आहेत. अमेरिकेत रॉय अंडरहिल यांनी १९७९ पासून २०१७ पर्यंत सार्वजनिक दूरचित्रवाणीवर नुसत्या हातअवजारांचे लाकूडकाम दाखवले. कॅनडात मथायस वांडेल नावाचे इंजिनिअर आहेत. मोबाईल फोनच्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ते लाकडाचीच यंत्रे करतात आणि कशी केली ते सांगतात. चीनमधले एक आजोबा, वांग देवेन, नातवासाठी खिळा न वापरता खेळणी, स्टुले, छोटा पूल करतात. ते बोलत नाहीत, नुसते काम करतात. त्यामुळे चांदवडच्या पोरालाही ते कळते. अशा काहींना पुढे जाहिरातीतून चार पैसे मिळतात, काही आपले नकाशे विकतात. त्यात वावगे काही नाही. पण सुरुवात हौसेने होते आणि दाखवण्याची सक्ती त्यांच्यावर कोणाचीच नसते.

आपल्या गावच्या रंगमहालात, अहिल्याबाई होळकरांच्या त्या वाड्यात, लाकडी खांब आणि त्यावरचे कोरीवकाम मी लहानपणापासून पाहत आलो. बांधवून घेणाऱ्यांचे नाव पोराटोरांना माहीत आहे. खांब घडवणाऱ्याचे नाव मात्र मी कुठे पाहिले नाही. आपण त्या कारागिराचे आभार आता मानू शकत नाही. आज जे हयात आहेत त्यांचे तरी मानावेत.

अर्धे आणि पूर्ण

पालीत कृतज्ञ माणसाला दोन शब्द जोडून येतात, 'कतञ्ञू' आणि 'कतवेदी'. पहिल्याचा अर्थ, आपल्यासाठी केलेले जाणणारा. दुसऱ्याचा, ती जाणीव कळवणारा, कृतीने दाखवणारा. दुसऱ्यासाठी आधी करणारा आणि अशी जाण ठेवणारा, ही दोन माणसे जगात दुर्मिळ आहेत असे अंगुत्तर निकायात म्हटले आहे. मी पहिल्या शब्दावर थांबलो होतो. मनात होते, कळवले नव्हते. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर नावे मांडले होते, जमा मांडायचे राहिले होते. असा ताळेबंद जुळत नाही.

त्या रात्री मी त्या गृहस्थांना पत्र लिहिले. मोडक्या हिंदीत, टेबलाच्या फोटोसह. आधी "फार छान, धन्यवाद" एवढेच लिहिले होते. मुलगी म्हणाली, "पप्पा, हे तर सगळेच लिहितात. तुम्ही टेबल केलंत ते सांगा ना." मग सविस्तर लिहिले. कोणते लाकूड, किती रविवार लागले, कुठे ढलपी लावली, पहिले का फुटले आणि त्यात चूक माझी कशी. आबांचा रंधा आणि कुलुपाची गोष्टही लिहिली. शेवटी लिहिले की टेबल अजून डुलते.

चौथ्या दिवशी उत्तर आले. त्यांनी लिहिले होते की लोक छान म्हणतात तेव्हा बरे वाटते, पण कुठे अडले हे कोणी कळवले म्हणजे पुढच्या वेळी काय नीट समजवायचे ते कळते. फळीच्या हालचालीची गोष्ट आपण फार भरभर सांगितली असे त्यांना माझ्या पत्रावरून वाटले. ती ते पुन्हा, सावकाश दाखवणार आहेत. म्हणजे माझ्या चुकीचाही कोणाला तरी उपयोग होणार. डुलण्यावर उपायही दिला. टेबल सपाट फरशीवर ठेवा, आखूड पायाखाली पाचर सरकवून ते पूर्ण समतोल करा, मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून ठोकळा चारही पायांभोवती फिरवा. चारी पायांवर सारख्या उंचीची रेघ उमटेल. त्या रेघेवर कापा. शेवटी लिहिले होते, "आपके पिताजी को मेरा जयभीम।"

आबांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ठोकळा त्यांनीच शोधून आणला.

आता माझा अनुभव म्हणून काही गोष्टी सांगतो. आपण कोणाचे पाहून काही केले, मग ते टेबल असो, शिवणकाम असो, गणिताची रीत असो, तर त्याला कळवावे. केलेल्या वस्तूचा फोटो पाठवावा. भाषा मोडकी असली तरी चालते. कुठे अडले ते नम्रपणे सांगावे. उणीव दाखवायची असेल तर आधी स्वतः करून पाहावे, नुसते खुर्चीत बसून शेरे मारू नयेत. तो नकाशा विकत असेल तर विकत घ्यावा, दुसऱ्याकडून फुकट मिळवू नये. आपण पुढे कोणाला शिकवले तर कोणाकडून शिकलो ते आधी सांगावे. दुसऱ्याचे काम आपल्या नावावर दाखवणे ही चोरी आहे. आणि सगळ्यात मोठी परतफेड म्हणजे आपली मूठ उघडी ठेवणे. ज्याला फॉर्म भरता येतो त्याने तो भरायला शिकवावा, नुसता भरून देऊ नये. हे मी आधी स्वतःलाच सांगतो आहे. कचेरीत माझ्याकडेही अशा काही किल्ल्या आहेत आणि टेबलापलीकडे उभ्या माणसाकडे मीही कधी कधी पाठ केली आहे.

काहींना वाटेल, सगळेच असे घरी शिकू लागले तर मिस्त्रीच्या पोटाचे काय? माझा अनुभव उलटा आहे. पूर्वी मी मजुरीत घासाघीस करायचो. एक सांधा बसवायला माझी एक संध्याकाळ गेली, तेव्हापासून मिस्त्रीने सांगितलेला आकडा मला कमीच वाटतो. परवा घराचे दार बसवायला आलेल्या मिस्त्रीला मी तसे बोलूनही दाखवले. तो दोन मिनिटे माझ्याकडे पाहत राहिला. मग माझ्या पटाशीला धार नाही म्हणाला आणि आपल्या दगडावर लावून दिली.

आपल्या विहारातल्या अभ्यासिकेची सहा बाके मोडलेली पडून आहेत. नवी घ्यायला वर्गणी काढायची चर्चा दोन वर्षे चालू आहे. पाय निखळलेत, फळ्या शाबूत आहेत. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही ती दुरुस्त करायला बसणार आहोत. मुलेमुली सर्वांनी यावे. करवत, हातोडी असेल ती आणावी. काम सुरू करण्यापूर्वी त्या गच्चीवरच्या गृहस्थांचा सांधा सर्वांना दाखवू आणि बाके झाली की फोटो त्यांना पाठवू. आबा येणार आहेत. फळी कशी धरायची ते दाखवतील. रंधा चालवायला त्यांना मीच शिकवणार आहे.

सप्रेम जयभीम.